गणपतीला घर भरणार आहे, बाळाला गोवराचा डोस देऊ की थांबू?

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा साडेआठ महिन्यांचा आहे. गणपती सहा आठवड्यांवर आलेत आणि घरात मुंबई-ठाण्याची वीस-बावीस माणसं उतरणार आहेत, त्यात सहा मुलं. सासूबाई 72 वर्षांच्या, दम्याचा जुना त्रास. मुंबईचे दीर फोनवर म्हणाले, "करोनाची लस सगळ्यांनी घेतली, तरी सगळ्यांना झालाच. लसीमुळे व्हायरस उलट शहाणा होतो आणि नवनवे व्हेरियंट येतात. कोंबड्यांमध्ये हे सिद्ध झालंय. बाळाला एवढ्यात टोचू नका." सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी गोवर सगळ्यांना यायचा आणि जायचा. ताईंचे दोन प्रश्न आहेत: बाळाचा डोस थांबवू का, आणि सासूबाईंना फ्लूची लस द्यावी का?

ताई, आधी तारखेचं बघू, कारण घाई तिथे आहे. बाळाला 9 महिने पूर्ण व्हायला दोन आठवडे उरलेत. ते झाले की उपकेंद्राचा डोसांचा जो पहिला वार येईल, त्या वारी गोवर-रुबेलाचा पहिला डोस घ्या. अंगात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे पाहुणे यायच्या आत बाळाचं काम होऊन वर थोडे दिवस उरतात. गावातला वार महिन्यातून एकदाच असेल आणि तो हुकला, तर पुढच्या वाराची वाट बघू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. आजच आशाताईंना फोन करून वार पक्का करा.

9 महिन्यांच्या आत का देत नाहीत, असं घरात कुणी विचारेलच. बाळ जन्माला येताना आईकडून प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं, घेऊन येतं. गोवराच्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. आईची प्रतिपिंडं अंगात असतील तर ती त्याला वाढूच देत नाहीत आणि डोस वाया जातो. नवव्या महिन्यापर्यंत बहुतेक बाळांची ही शिदोरी संपते. याला एक अपवाद आहे: भागात गोवराची साथ असेल तर आरोग्य खातं 6 ते 9 महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस देतं. मुंबईत 2022 च्या साथीत तसा दिला होता. तो हिशेबात धरत नाहीत, नंतरचे दोन्ही डोस घ्यावेच लागतात.

आता दिरांच्या म्हणण्याकडे वळू. त्यांचं बोलणं उडवून लावू नका. त्यात खरं आणि चुकीचं एकमेकांत मिसळलं आहे, ते निवडून वेगळं करावं लागेल.

पहिली गोष्ट, 'लस' म्हणून सगळ्या लसी एका तागडीत तोलता येत नाहीत. प्रत्येक लसीला दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे. घेतलेल्या माणसाला ती गंभीर आजारापासून वाचवते का? आणि त्या माणसाकडून पुढच्याकडे जाणारा विषाणू अडवते का? गोवराच्या लसीचं उत्तर दोन्हीला ठणठणीत 'हो' आहे. करोनाच्या लसीचं पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'काही प्रमाणात, काही काळ' असं आहे.

हा फरक का पडतो? करोनाचा विषाणू आधी नाका-घशाच्या अस्तरातच वाढतो आणि तिथूनच बाहेर पडतो. ओमायक्रॉनमध्ये संसर्गापासून लक्षणांपर्यंत तीनेक दिवसच जात. दंडातल्या इंजेक्शनानं रक्तात भरपूर प्रतिपिंडं होतात, पण नाकाच्या ओलाव्यात त्यांतली थोडीच पोचतात आणि काही महिन्यांत तीही घटतात. शरीराची आठवण जागी होऊन नवी फौज उभी राहीपर्यंत विषाणू नाकात वाढून पुढच्या माणसाकडे गेलेलासुद्धा असतो. फुप्फुसापर्यंत उतरून न्यूमोनिया करायला मात्र त्याला आणखी दिवस लागतात, आणि तेवढ्यात फौज पोचते. म्हणून लस घेतलेल्यांना सर्दी-ताप झाला, पण ऑक्सिजन लावायची वेळ फार कमी जणांवर आली. 'सगळ्यांना झालाच' हे दिरांचं म्हणणं म्हणूनच खरं आहे. लसीचा उपयोग झाला नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

पसरणंही थोडं कमी झालंच होतं. करोनाच्या अल्फा प्रकाराच्या, म्हणजे व्हेरियंटच्या, काळात इंग्लंडमध्ये घराघरांतून पाहणी झाली. लस घेतलेल्या रुग्णाकडून घरातल्यांना लागण होण्याचं प्रमाण, न घेतलेल्या रुग्णाच्या तुलनेत, जवळजवळ निम्मं होतं. डेल्टा आल्यावर हा फायदा घटला आणि डोसाला महिने उलटत गेले तसा आणखी घटला.

गोवराचं शरीरातलं गणित निराळं आहे. तोही श्वासातूनच शिरतो, पण नंतर रक्तातून सगळ्या अंगभर फिरतो आणि पुरळ उठायला साधारण 14 दिवस जातात. त्या प्रवासात रक्तातली प्रतिपिंडं त्याला गाठतात आणि आठवणीतल्या पेशींना जागं व्हायला पुरेसा वेळ मिळतो. लस लागू पडलेल्या मुलात हा विषाणू पुढे द्यायच्या अवस्थेपर्यंत सहसा पोचतच नाही. शिवाय गोवराला रूप बदलणं जमलेलं नाही. पेशीला चिकटायचा त्याचा जो भाग आहे, तोच प्रतिपिंडांचंही लक्ष्य आहे, आणि त्यात मोठा बदल झाला तर पेशीला चिकटणंच बंद पडतं. लसीसाठी वापरलेला मूळ विषाणू 1954 मध्ये एका मुलाच्या घशातून मिळाला होता. त्याच वंशाची लस आजही जगभरच्या गोवरावर चालते. साठ वर्षांहून अधिक काळ कोट्यवधी मुलांना ती टोचली आणि तिला चुकवणारा गोवर काही पसरला नाही. लस दिली की व्हायरस शहाणा होतोच, या म्हणण्याला हे एक उत्तर पुरेसं आहे.

मग व्हेरियंट येतात कुठून? विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो. प्रती काढताना चुका होतात. करोनाच्या विषाणूचा मजकूर साधारण 30,000 अक्षरांचा आहे, आणि माणसामाणसांतून जाणाऱ्या एका साखळीत महिन्याला सुमारे दोन बदल टिकून राहतात. बहुतेक बदल निरुपयोगी असतात. एखादाच असा निघतो की त्यानं विषाणू जास्त पसरतो किंवा आधीच्या प्रतिकारशक्तीला चकवतो. जितकी माणसं आजारी, तितक्या प्रती, तितक्या चुका. लस या चुका करत नाही. चुका लागणीतून होतात.

तारखा बघा. अल्फाचे पहिले नमुने इंग्लंडमधले, सप्टेंबर 2020 चे. बीटा दक्षिण आफ्रिकेत 2020 मध्येच होता. गॅमा ब्राझीलमध्ये आणि डेल्टा आपल्याकडे, दोन्हींचे पहिले नमुने 2020 च्या अखेरच्या महिन्यांतले. आपल्याकडे लसीकरण सुरू झालं 16 जानेवारी 2021 ला, तेही आधी फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांचं. 18 वर्षांवरच्या सगळ्यांना 1 मे पासून डोस खुले झाले, तेव्हा दुसरी लाट शिगेला पोचलेली होती. हे चारही प्रकार लसीच्या आधी, मोकाट पसरलेल्या आजारात जन्मले.

दिरांच्या म्हणण्यातला खरा भाग इथे येतो. लोकांच्या अंगात प्रतिकारशक्ती वाढली की तिला चकवू शकणाऱ्या प्रकाराचं फावतं. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेनं ओमायक्रॉन जाहीर केला. त्याच्या काट्यांसारख्या प्रथिनात तीसहून जास्त बदल होते, आणि तो इतका फोफावला तो बऱ्याच अंशी जुन्या प्रतिकारशक्तीला चुकवूनच. पण ती प्रतिकारशक्ती लसीचीही होती आणि आजार होऊन गेल्याचीही. विषाणू दोन्हींत फरक करत नाही. लस न घेता आजार अंगावर काढला तरी ही निवड होणारच, फक्त वाटेत माणसं जातील आणि विषाणूला प्रती काढायला भरपूर जागा मिळेल. एकाच वेळी पुष्कळ बदल साचतात ते बहुधा अशा रुग्णात, ज्याची प्रतिकारशक्ती कॅन्सरच्या औषधांनी किंवा उपचार न झालेल्या एचआयव्हीनं खचलेली असते आणि संसर्ग महिनोन्महिने हटत नाही. अशा माणसाला आणि त्याच्या घरच्यांना लस सगळ्यांत आधी मिळायला हवी.

व्हेरियंटच्या नावानंही घाबरून जाऊ नये. जून 2021 मध्ये डेल्टा प्लसचे महाराष्ट्रात पहिले 21 रुग्ण जाहीर झाले, त्यांतले 9 रत्नागिरी जिल्ह्यातले होते. संगमेश्वरच्या बाजूला केवढी धास्ती पसरली होती ते तुम्हाला आठवत असेल. तो प्रकार मूळ डेल्टाला मागे सारू शकला नाही आणि विरून गेला. बहुतेक प्रकारांचं असंच होतं.

उलट बाजूचं उदाहरण फ्लूचं आहे. फ्लूचा विषाणू प्रती काढताना चुका तपासतच नाही, म्हणून सतत बदलतो आणि त्याची लस वर्षातून दोनदा नव्यानं ठरवावी लागते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. या फ्लूची बी-यामागाता नावाची एक अख्खी शाखा मार्च 2020 नंतर जगात कुठेही खात्रीनं सापडलेली नाही. करोनाच्या बंद काळात माणसं एकमेकांजवळ येईनात, साखळ्या तुटल्या आणि ती शाखा संपली. आता लसीतूनही तिला वगळलं आहे. पसरणं थांबलं की बदलणंही थांबतं, याहून स्पष्ट पुरावा मागायला नको.

कोंबड्यांचं काय? दिरांनी सांगितलं ते खोटं नाही. मारेक नावाच्या कोंबड्यांच्या आजारावरचे प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. मारेकची लस हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लाला मानेच्या कातडीखाली देतात. मग पिल्लू मारेकनं मरत नाही, पण त्याला मारेकची लागण होते आणि पिसांच्या मुळांतून ते आठवडेच्या आठवडे विषाणू उधळत राहतं. लस नसलेली कोंबडी अतिजहाल प्रकारानं दहाएक दिवसांत मरते आणि तिच्याबरोबर तो प्रकारही संपतो. लसवाल्या कोंबडीत तो जगतो. म्हणजे मरण टाळणारी पण पसरणं मुळीच न अडवणारी लस जहाल प्रकाराला टिकायला मदत करू शकते. शास्त्रज्ञ यावर गंभीरपणे विचार करतात आणि करायलाच हवा.

हा नियम बाळाच्या गोवराला का लागत नाही, ते वर आलंच: ही लस पसरणं अडवते. करोनालाही तो तसाच्या तसा लागत नाही. करोनाचा रुग्ण विषाणू सर्वांत जास्त पसरवतो तो पहिल्या काही दिवसांत, आणि मृत्यू येतो तो पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांनी. तोवर विषाणूचं पसरणं केव्हाच उरकलेलं असतं. रुग्ण मेल्यानं विषाणूचं काही बिघडत नव्हतं, तेव्हा रुग्ण वाचल्यानं त्याला काही मिळतही नाही. शिवाय कोंबडीखान्यात हजारो पक्षी एकाच छपराखाली, एकाच वंशाचे, काही आठवड्यांच्या आयुष्याचे असतात. ते माप माणसांच्या वाडीला लावणं बरोबर नाही.

लसीतल्या विषाणूनं खरोखर रूप बदलल्याचं माणसांतलं उदाहरण पोलिओचं आहे, आणि ते लपवू नये. तोंडातून द्यायच्या थेंबांत जिवंत दुबळा विषाणू असतो. तो आतड्यात वाढून शौचावाटे बाहेर पडतो. भोवतालच्या सगळ्या मुलांना डोस झालेले असतील तर तो तिथेच संपतो. पुष्कळ मुलं सुटलेली असतील तर तो महिनोन्महिने या मुलातून त्या मुलात फिरतो आणि क्वचित पुन्हा लुळं पाडण्याइतका बळावतो. 2022 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका भागात असा रुग्ण निघाला, आणि तिथे लसीकरण घसरलेलं होतं. भारतात पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्यातला. त्यानंतर आपण थेंबांच्या जोडीला निष्क्रिय पोलिओची सुई आणली ती या धोक्यापायीच. तुमच्या बाळाला तिचा तिसरा डोस नवव्या महिन्यातच आहे. इथेही अडचण सुटलेल्या मुलांची आहे.

सुटलेली मुलं म्हणजे नेमकी किती चालतात, याचा हिशेब तुम्ही घरी मांडू शकता. कुणालाच संरक्षण नसेल तर गोवराचा एक रुग्ण 12 ते 18 जणांना आजार देतो. 15 धरा. वाडीत 100 मुलं आहेत आणि 80 जणांचे दोन्ही डोस झालेत. दोन डोसांचं संरक्षण सुमारे 97 टक्के, म्हणजे 78 मुलं सुरक्षित, 22 उघडी. एका रुग्णामागे 15 गुणिले 0.22, म्हणजे तीनहून जास्त नवे रुग्ण. तीनाचे नऊ, नवाचे सत्तावीस. आता 95 जणांचे दोन्ही डोस धरा: 92 सुरक्षित, 8 उघडी, आकडा 1.2 वर येतो. घरातल्या मोठ्या माणसांना गोवर येऊन गेलेला असतो, त्यांना मोजलं की तो एकाच्याही खाली जातो आणि साखळी तुटते. आणि 95 जणांनी एकच डोस घेऊन दुसरा सोडला तर? नवव्या महिन्याच्या एका डोसानं सुमारे 85 टक्के मुलांना संरक्षण मिळतं. 81 सुरक्षित, 19 उघडी, आकडा जवळजवळ तीन. दुसरा डोस सोडला की आपण पुन्हा पहिल्या जागी येतो.

तालुक्याचा आकडा 95 आहे म्हणून समाधान मानणं मला चुकीचं वाटतं. गडग्याला एकच खिंडार असलं तरी गुरं नेमकी तिथूनच शिरतात, तसा गोवर न टोचलेल्या मुलांची वाडी शोधून काढतो. चिरेखाणीवर आलेली कुटुंबं, आंब्याच्या बागेत राखणीला राहणारी नेपाळी जोडपी, यांची मुलं अंगणवाडीच्या यादीत बऱ्याचदा नसतात. हंगाम सुरू झाला की अशा मुलांची नावं आशाताईंना सांगा. कार्ड हरवलं म्हणून डोस नाकारायचा नसतो.

डोसाच्या वारी काय बघायचं ते सांगते, कारण कार्डावर खूण झाली आणि अंगात संरक्षण झालं नाही असंही घडतं. गोवर-रुबेलाची लस कुपीत पावडर म्हणून येते, सोबतच्या ठरलेल्या द्रावणातच ती मिसळायची. मिसळल्यावर सिस्टर कुपीवर वेळ लिहितात. तिथून 4 तासांत ती वापरायची, उरलेली टाकायची. उन्हानं आणि उष्णतेनं तिच्यातला विषाणू मरतो आणि डोस म्हणजे नुसतं पाणी होतं. शिवाय तिच्यात जंतूंना अडवणारं काहीच घातलेलं नसतं, म्हणून जास्त वेळ ठेवलेल्या कुपीत जंतू वाढून बाळाच्या जिवावर बेतू शकतं. कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, गोलाच्या रंगाइतका किंवा त्याहून गडद झाला तर घ्यायची नाही. हे सिस्टरना विचारायला संकोचू नका. चांगल्या सिस्टर स्वतःहून दाखवतात.

पावसात परे भरून साकवावरून पाणी गेलं की सिस्टर वेळेवर पोचत नाहीत, वीज दोन-दोन दिवस नसते. आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज वीज गेल्यावरही बराच काळ 2 ते 8 अंशांत राहील असा बांधलेला असतो, आणि पेटीत बर्फाच्या चार लाद्यांमध्ये कुप्या ठेवून आणतात. त्या लाद्या हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे. दगडासारख्या गोठलेल्या लादीला लागून काही लसी गोठतात. गोवराची लस त्यानं बिघडत नाही, पण पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट लस गोठली की निकामी होते.

त्या दिवशी गोवर-रुबेलाची सुई उजव्या दंडावर, कातडीखाली, अर्धा मिली. जोडीला न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या न्यूमोकोकल लसीचा बूस्टर, पोलिओची छोटी सुई आणि अ जीवनसत्त्वाचे 1 लाख युनिट तोंडातून. सगळं एकाच दिवशी चालतं. साधी सर्दी, बारीक खोकला असेल तरी डोस पुढे ढकलू नका. सणकून ताप असेल तरच थांबा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. त्या रात्री कणकण आली तर ती बहुधा न्यूमोकोकलची असते. गोवराच्या लसीचा ताप 5 ते 12 दिवसांनी येतो, काही बाळांना थोडं पुरळही उठतं. ते लसीचं पुरळ आहे, त्यानं दुसऱ्या कुणाला गोवर होत नाही. तापाला पॅरासिटामॉल वजनाच्या किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान 6 तासांचं अंतर. 8 किलोच्या बाळाला 120 मिलिग्रॅम होतात. बाटलीवरची ताकद वाचल्याशिवाय देऊ नका: 5 मिलीत 120 चं सिरप असेल तर 5 मिली, 5 मिलीत 250 चं असेल तर 2.4 मिली, आणि थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलीतच 100 असतात. थेंबांचं औषध सिरपसारखं चमच्यानं पाजलं की चौपट डोस जातो. ही चूक घरोघरी होते.

मुंबईच्या मंडळींना आजच निरोप द्या. प्रत्येक मुलाचं डोसांचं कार्ड किंवा सरकारच्या यू-विन पोर्टलवरची नोंद काढून बघा: गोवर-रुबेलाचे दोन डोस झालेत का? राहिले असतील तर 5 वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतात, दोन डोसांत 4 आठवड्यांचं अंतर. गाडीत बसायच्या दोन आठवडे आधी तरी पहिला व्हावा. त्याहून मोठ्या मुलांसाठी तिथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारायला सांगा.

गोवर पुरळ उठायच्या 4 दिवस आधीपासून पसरतो, नंतरही 4 दिवस. सुरुवातीला फक्त ताप, खोकला, वाहतं नाक आणि लाल डोळे दिसतात. पावसात भिजल्यानं आजारी पडलं असं समजून ते मूल आरतीला सगळ्यांच्या मध्ये उभं राहतं. हा विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. म्हणून लाल डोळ्यांचं, तापलेलं मूल वेगळ्या खोलीत ठेवा, माजघराच्या खिडक्या पाऊस असला तरी उघड्या ठेवा, भजनाला पडवी किंवा मांडव घातलेलं खळं बरं. बाळाचा डोस झालेला असला तरी शंभरातल्या पंधरांत ते असू शकतं, तेव्हा त्याला हातोहाती फिरवू नका. घरात गोवर निघालाच तर ज्या मुलांचे डोस झालेले नाहीत त्यांना संपर्कापासून 72 तासांच्या आत डोस दिला तर आजार टळू शकतो. आजारी मुलाला डॉक्टरांकडे न्या. अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दिवशी द्यायचे असतात, 6 महिन्यांच्या आत 50 हजार, 6 महिने ते वर्षाच्या आत 1 लाख आणि वर्षावरच्याला 2 लाख युनिट. त्यानं डोळे आणि जीव दोन्ही वाचतात.

सासूबाईंना हे सांगा: त्यांच्या वेळी गोवर यायचा आणि जायचा, पण जाताना कित्येक मुलांना न्यूमोनियानं आणि हगवणीनं घेऊन जायचा. गोवरानंतर मुलाची इतर आजारांविरुद्धची जुनी प्रतिपिंडंही पुसली जातात. 2019 मध्ये तपासलेल्या मुलांत ती 11 ते 73 टक्के नाहीशी झाली होती. गोवर बरा होऊनही पुढची दोन-तीन वर्षं मूल सारखं आजारी का पडायचं, याचं हे एक कारण.

आणि सासूबाईंना फ्लूची लस जरूर द्या. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात, म्हणून ती खरं तर मे महिन्यात घ्यायची असते, पण अजूनही उशीर झालेला नाही. या आठवड्यात घेतली तर दोन आठवड्यांत काम करू लागेल. औषधाच्या दुकानदाराकडून लसीचं खोकं मागून वाचा. सदर्न हेमिस्फिअर आणि चालू वर्ष छापलेलं असावं. दंडाच्या स्नायूत अर्धा मिली. विषाणू मेलेला असतो, तिनं फ्लू होत नाही. लसीचा आणि फिरणाऱ्या विषाणूचा मेळ बसलेल्या वर्षी ती 40 ते 60 टक्के संरक्षण देते, उतारवयात त्याहून कमी. म्हणून त्यांच्याजवळ वावरणाऱ्यांनीही घ्यावी, बाळानंसुद्धा: 6 महिन्यांवरच्या बाळाला पहिल्या वर्षी दोन डोस, 4 आठवड्यांच्या अंतरानं. गोवराच्या डोसाशी तिचं भांडण नाही. न्यूमोकोकलच्या लसीचंही त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. दम्याच्या माणसाला ताप-खोकला आला तर फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालेलं चांगलं. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन 94 च्या खाली गेला किंवा बोलताना धाप लागली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

बाळाचा दुसरा डोस 16 महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे मार्चमध्ये, ऐन शिमग्याच्या आसपास येईल. पालख्या फिरायच्या दिवसांत डोसांचा वार मागे-पुढे होतो, तेव्हा तारीख फेब्रुवारीतच विचारून कार्डावर लिहून घ्या.